वीस होऊ द्या

अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवायचा आणि तिथून एकेक पेर मोजत जायचं. चार बोटांची बारा पेरं झाली की पुन्हा करंगळीपासून सुरुवात. मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर वीस भरतात. तेवढे भरेपर्यंत ती बाई तोंड उघडायची नाही. तुम्ही काही विचारा, चहा पुढे ठेवा, चिडा, तिचा अंगठा आपला चालूच. मध्येच कुणी बोलायला गेलं तर हळू आवाजात म्हणायची, "थांबा काका. वीस होऊ द्या."

काका म्हणजे मी. नाशिकच्या कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखक होतो. निवृत्त झालो आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या हिने, म्हणजे बायकोने, इंदिरानगरच्या घराच्या फाटकावर 'मराठी टायपिंग करून मिळेल' अशी पाटी लावून टाकली. मी दिवसभर तिच्या पायात येतो, असं तिचं म्हणणं होतं. माझा स्वभाव जरा तिखट आहे हे मला ठाऊक आहे. पाटी वाचून आलेली अर्धी गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आली नाहीत.

ती बाई मात्र आली. समोरच्या बंगल्यावर गच्चीलगतची खोली भाड्याने घेऊन राहत होती, मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. वय तिशीच्या थोडं पुढे, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाली, मुलाखती रेकॉर्ड केल्यात, त्या जशाच्या तशा उतरवून हव्यात. मी म्हटलं, "मॅडम, चौतीस वर्षं मी जसंच्या तसंच उतरवलंय. त्यावर माणसं आत गेली आहेत." ती हसली नाही. वीस मोजले आणि मग म्हणाली, "गप्प बसलेलंही उतरवायचं, काका. कंसात लिहायचं. विराम, इतके सेकंद."

मला गंमत वाटली. कोर्टात साक्षीदार गप्प बसला तर आम्ही पेन खाली ठेवून बोटं मोडायचो. इथे त्या गप्प बसण्याचेही पैसे मिळणार होते.

तिचा विषय ऐकल्यावर मात्र गंमत थोडी ओसरली. ज्या घरातून एखादं माणूस निघून गेलं आणि परत आलंच नाही, अशा घरांचा ती अभ्यास करत होती. मेलं म्हणावं तर प्रेत नाही, जिवंत म्हणावं तर पत्ता नाही. अशी माणसं बारा वर्षांत आली नाहीत तर आपल्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं लावतात आणि त्याला अग्नी देतात. त्र्यंबकेश्वरला हा विधी करायला लांबलांबून लोक येतात. तो विधी झाल्यावर घरच्यांची वाट बघणं थांबतं का, एवढाच तिचा प्रश्न होता.

तिचं शिक्षण कसं झालं ते तिने आमच्या स्वयंपाकघरात थालीपीठ खाताना तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. गाव नामपूर. घर कांद्याच्या बाजारावर चालणारं. गावाकडच्या कॉलेजात बी.ए. केलं, तिथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. मग एम.ए.साठी नाशिक. मग तासिका तत्त्वावर शिकवणं, आज इथे दोन तास, उद्या तिथे तीन. मग हे संशोधन. तिच्यासारखी मुलं तुम्हीही पाहिली असतील, डब्यात पोळी आणि पिशवीत पुस्तकं घेऊन या कॉलेजातून त्या कॉलेजात पळणारी. तिच्यात फरक एवढाच होता की ती कधी घाईत दिसायची नाही.

एकदा तिने त्या कपाटातल्या प्रयोगाची नक्कल करून दाखवली. कागदावर एक चांदणी, आपला हात पुठ्ठ्याआड लपवलेला, समोर आरसा. आरशात बघून चांदणीवर पेन्सिल फिरवायची. माझी पेन्सिल पहिल्याच कोपऱ्यावर अडली. उजवीकडे न्यावी तर डावीकडे जाई, घाम फुटला मला. आमची ही पदराला हात पुसत आली आणि एका दमात चांदणी पुरी करून गेली. ते अजून दर दोन महिन्यांनी मला ऐकावं लागतं.

तिचे गाईड सर भलतेच कडक होते. सहा महिने त्यांनी तिला एकही मुलाखत घेऊ दिली नाही. आधी काय, तर एस.टी. स्टँडवर जायचं, अनोळखी माणसाशेजारी तासभर गुपचूप बसायचं आणि त्याचे हात काय करतात ते घरी येऊन लिहायचं. नंतर विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या मुलाखती घ्यायच्या. कुणी मध्ये 'अरेरे' म्हटलं की सर टेबलावरची घंटी वाजवत. मी विचारलं, अरेरे म्हणण्यात काय वाईट? ती म्हणाली, "आपण अरेरे म्हटलं की समोरचं माणूस स्वतःचं दुःख ठेवून आपलीच समजूत काढायला लागतं."

सरांचा शेवटचा धडा शून्य क्रमांकाच्या मुलाखतीचा. लोकांना प्रश्न विचारण्याआधी तेच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी आपल्याला विचारायचे, आणि ती मुलाखत प्रबंधात सगळ्यांत पुढे लावायची. विचारणारं माणूस कोण आहे ते वाचणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. मी तिचं पहिलं काम उतरवलं ते हेच. तिच्या एका मैत्रिणीने प्रश्न विचारले होते. तुमच्या घरातलं कुणी बेपत्ता आहे का? नाही. कुणाची वाट पाहण्याचा अनुभव? विशेष नाही. सात पानं सरळ, स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. एकदासुद्धा कंस करावा लागला नाही. मला असा साक्षीदार फार आवडतो, असं मी तिला म्हटल्याचंही आठवतं.

वीस मोजायची सवयही सरांनीच लावली असणार, असं मी धरून चाललो होतो.

मग खऱ्या मुलाखती येऊ लागल्या. दुपारी जेवण झालं की मी कानाला हेडफोन लावून बसायचो. माणसाचं बोलणं उतरवणं सोपं असतं हो. पण ती प्रश्न विचारायची आणि वीस मोजत बसायची, आणि मला त्या परक्या घरातली शांतता ऐकत बसावी लागायची. कुठे पंखा कुरकुरतोय, कुठे कोंबडी चालतेय, कुठे बादलीत नळ ठिबकतोय. जे माणूस त्या घरात नाही ते कुठे बसायचं, कुठे झोपायचं, ते उगाच डोळ्यांपुढे यायचं. हेडफोन काढला की आमचं स्वतःचं घर मला मिनिटभर ओळखू यायचं नाही.

हरसूलकडचा एक म्हातारा होता. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा असताना द्राक्षबागेच्या कामाला म्हणून गेला, तो गेलाच. म्हातारा दरवर्षी बाजारातून त्याच्यासाठी चपला आणायचा, दर वेळी एक माप मोठं. भिंतीला लावून ओळ केली होती. तिने काहीच विचारलं नाही, नुसती थांबली. मग म्हातारा म्हणाला, "पाय वाढला असंल ना त्याचा? आन आला तर उन्हाचा काय घालंल?" पुढे विराम, तेवीस सेकंद. ते टाइप करून मी उठलो आणि दारातल्या माझ्या चपला आत आणून ठेवल्या. का आणल्या ते विचारू नका.

एका बाईच्या नवऱ्याचा विधी होऊन गेला होता. ती शांतपणे सांगत होती की गुरुजींनी पानांचा माणूस केला, जाळला, तेराव्याचं जेवणही झालं. मग म्हणाली, "तो पानांचा होता. आमचे यायचेत अजून."

प्रश्नांची छापील यादी माझ्याकडे होती. पण प्रत्येक घरात शेवटी ती एक जादा प्रश्न विचारायची, यादीत नसलेला. दुपारी दाराला कडी लावता का? बहुतेक जण नाही म्हणायचे. मी तिला म्हटलं, रात्रीचं विचारलंत तर समजू शकतो, दुपारचं काय आहे? तिने वीस मोजले, पण त्या दिवशी वीस झाल्यावरही काही बोलली नाही.

आमचं भांडण झालं ते लाल शाईवरून. मी उतरवलेली पानं ती तपासून परत द्यायची. हरसूलच्या मुलाखतीत, त्या तेवीस सेकंदांच्या विरामात, तिने लाल पेनाने लिहिलं होतं, '(दार वाजतं)'. मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आवाज वाढवून तीनदा ऐकलं. दार वाजलेलं नव्हतं. पुढच्या मुलाखतीत पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या मुलाखतीतही. घरं वेगळी, गावं वेगळी, पण विराम वीस सेकंदांच्या आसपास आला की लाल शाईत दार वाजायचं.

माझं डोकं फिरलं. पानं घेऊन सरळ तिच्या खोलीवर गेलो. तिच्या दाराला कडी नव्हती, वाऱ्याने आपटू नये म्हणून खुर्ची लावून ते अर्धवट उघडं ठेवलं होतं. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. म्हटलं, रेकॉर्डवर नाही ते मी लिहिणार नाही, न्यायाधीशांसाठी लिहिलं नाही ते तुमच्यासाठी लिहू? तिने हेडफोनची एक वायर माझ्या कानात दिली, दुसरी स्वतःच्या. दोघं ऐकत बसलो. पंखा, पंखा, लांब कुठेतरी मोटर. मध्येच तिने बोट वर केलं. "हे."

मला पंख्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. तसं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगतो, त्या भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. कारण ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला चौतीस वर्षांत पाठ झालाय. ती म्हणाली, खोडून टाका काका, तुम्ही बरोबर असाल. पुढच्या आठवड्यातल्या पानांत पुन्हा लाल शाई होतीच.

घरी हिला सांगितलं तर हिने दुसऱ्या दिवशी तिला पाटावर बसवून मीठमोहरीने दृष्ट काढली. मानसशास्त्राची विद्यार्थिनी निमूटपणे बसली. नंतर मी टोमणा मारला, तुमचा विश्वास आहे वाटतं यावर? म्हणाली, "काकूंचा आहे ना." आणि मोहरीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून बराच वेळ डोळे पुसत राहिली.

वैशाखात दोन गोष्टी एका आठवड्यात झाल्या. गाईड सरांनी पहिलं प्रकरण परत पाठवलं. शून्य क्रमांकाच्या मुलाखतीवर त्यांनी पेन्सिलीने एकच ओळ लिहिली होती, 'यात एकही विराम नाही. पुन्हा घ्या.' आणि नामपूरहून तिच्या आईचा फोन आला, की बारा वर्षं भरली, भाऊबंद त्र्यंबकला विधी ठरवताहेत. पण त्या दिवशी घरात तू होतीस, तू सांगशील तरच मी विधीला बसेन.

ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काका, शून्यातलं ते 'नाही' खोटं आहे. माझे वडील बारा वर्षांपूर्वी निघून गेलेत."

मला आधी रागच आला. मी टाइप केलेलं, मी वाखाणलेलं, आणि खोटं! मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. अंगठा पेरांवरून नुसता पळत होता, मोजणं वगैरे काही नव्हतं. तिने विचारलं, ही मुलाखत तुम्ही घ्याल का? मैत्रिणी अरेरे म्हणतात. तुम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. ही आत कुरडयांचा चीक घोटत होती. धुळीच्या वावटळी उठत होत्या म्हणून आमच्या दाराला कडी घातलेली. टेबलावर तिचा फोन रेकॉर्डिंगला लावलेला. मी यादीतले प्रश्न ओळीने विचारत गेलो आणि टेबलाखाली माझ्या बोटांवर वीस-वीस मोजत राहिलो. सवय नसलेल्या माणसाला वीस म्हणजे फार होतात, करून बघा. शेवटचा प्रश्न होता, त्या दिवशी नेमकं काय झालं?

पंधराव्या पेरावर ती बोलायला लागली. एम.ए.च्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी होती. ते म्हणत, वेड्यांचं शिक्षण घेऊन काय करणार. सकाळी कडाक्याचं भांडण झालं. फाडून बाजारात फेकतो म्हणत ते फॉर्म खिशात घालून गेले. आई कांदा निवडायला गेली होती. ती घरात एकटी, रागाने दाराला कडी घालून पडून राहिली.

"दुपारी दार वाजलं. एकदाच. मला कळलं कोण आहे ते. मी म्हटलं, वीस मोजीन. तेवढ्यात पुन्हा वाजलं तर उघडीन." अंगठा मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर येऊन थांबला. "परत वाजलंच नाही. वीस झाले तरी मी उठले नाही. सगळ्यांना सांगितलं, कुणी आलं नव्हतं."

त्यानंतर ते कुणालाच दिसले नाहीत.

मी अरेरे म्हटलं नाही. तिच्यासारखाच मोजायला लागलो. आत पळीचा आवाज थांबला होता. सोळा, सतरा, अठरा. एकोणिसाव्या पेराला आमचं दार वाजलं. एकदाच, हलकं, बोटांच्या मागच्या हाडांनी वाजवतात तसं.

मी उठून कडी काढली. बाहेर ऊन आणि धूळ. फाटक बंद, गल्ली रिकामी, समोरचं कुत्रंसुद्धा झोपलेलं. आतून हिचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही," मी म्हटलं.

ती खुर्चीतच बसून होती, दाराकडे पाठ करून. "पण वाजलं ना काका?"

चौतीस वर्षांच्या नोकरीला स्मरून मी सांगितलं, "वाजलं."

तिने उठून फोन उचलला आणि तिथूनच आईला लावला. जे मला सांगितलं तेच जसंच्या तसं आईला सांगितलं. मग पलीकडून आवाज नाही. ती पेरं मोजत उभी. बारा झाली, पुन्हा करंगळी. मग आई बोलली, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. आई म्हणाली होती, "माले माहीत शे, माय."

आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. संध्याकाळी ती बाजारातून आली तेव्हा ओट्यावर विटेखाली फॉर्म ठेवलेला होता, खाली वडिलांची सही. सकाळी तो त्यांच्या खिशात होता, म्हणजे ते दारापर्यंत आले होते. सही केलेला फॉर्म द्यायला आले होते. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला आणि मुलीला सांगितलं, बापाने बाजारातच सही करून माझ्याकडे दिला. खरं सांगितलं असतं तर पोरगी शिकायला गेली नसती. त्याच फॉर्मवर तिचा प्रवेश झाला. एम.ए., संशोधन, सहा महिने मुकाट बसायचं शिक्षण, सगळं त्या सहीवर. मला त्या माउलीचं नवल वाटतं. बारा वर्षं तिने हे पोटात ठेवलं आणि मुलीला दर महिन्याला डब्यातून लाडू पाठवले.

विधीला आम्ही दोघंही गेलो. आई बसली, शेजारी लेक. पानांचा माणूस माझ्या अंदाजापेक्षा फार लहान होता. अग्नी लेकीनेच दिला. नारळ तडकला तेव्हा सगळे दचकले. मी तिच्या हाताकडे बघत होतो. अंगठा जागच्या जागी होता.

तिने प्रबंध दिला, तोंडी परीक्षा झाली, विदर्भात कुठल्याशा कॉलेजात कायमची नोकरी लागली. जाताना हिच्या पाया पडली, मला म्हणाली, काका, तुम्ही चांगले संशोधक झाला असता. मी म्हटलं, मला आरशातली चांदणी जमत नाही. त्या दिवशी ती मोकळेपणी हसली, आणि हसायच्या आधी थांबली नाही. समोरची खोली अजून रिकामी आहे. नवीन भाडेकरू दोनदा येऊन बघून गेले.

एक गोष्ट राहिली. ती दुसरी शून्य क्रमांकाची मुलाखत मीच उतरवली होती. हेडफोन लावून ऐकली, तर माझा प्रश्न आहे, तिचं बोलणं आहे, मग विराम. विरामात माझ्या खुर्चीचा आवाज, कडी काढल्याचा आवाज, हिचं 'कोण आलंय हो?' सगळं स्पष्ट आहे. त्याआधी काहीच नाही. मी कितीतरी वेळा ऐकलं. आणि तरी, नोकरीत कधी केलं नाही ते केलं. कंसात टाइप केलं, '(दार वाजतं)', आणि पानं तिला पाठवून दिली.

पानं तपासून परत आली. सगळ्या पानांत लाल शाईची एकच रेघ होती. तिने माझा तो कंस खोडला होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'काका, हे रेकॉर्डिंगमध्ये नाही.'

पोरगी सुटली, हे वाचून मला फार बरं वाटलं. अगदी मनापासून सांगतो. आम्ही दोघं मात्र दुपारची कडी लावत नाही. धूळ येते, ही कुरकुरते, पण तीही लावत नाही. काल जेवून जरा टेकलो होतो, तेवढ्यात आतून हिने विचारलं, "कोण आलंय हो?" मी मोजत बसलो नाही. तोवर मी दारात पोचलो होतो.